शाळेच्या रंगमंचावरचे जुने दिवे

शाळेच्या सभागृहात वर्षानुवर्षे टांगलेले रंगमंचाचे दिवे बहुधा टंगस्टन-हॅलोजनचे असतात. त्यांतला फ्लड सर्वांत साधा: पेटीत हॅलोजनची नळी, मागे परावर्तक, पुढे भिंग नाही. मागचा पडदा उजळण्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

फ्रेनेलचे भिंग मात्र दीपगृहातून आलेले. फ्रेंच अभियंता ओग्युस्तँ फ्रेनेल याने जाड भिंगाचा वक्र पृष्ठभाग वर्तुळाकार पायऱ्यांत विभागून ते पातळ केले आणि १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ते बसवले. दीपगृहाला दूरवर जाणारा झोत हवा होता. रंगमंचाला या भिंगाचा गुण वेगळाच सापडला. झोताची कड मऊ पडते आणि शेजारचे दोन झोत एकमेकांत बेमालूम मिसळतात. बल्ब भिंगाजवळ सरकवला की झोत पसरतो, मागे घेतला की आवळतो. प्रोफाइल याच्या उलट. त्याची कड धारदार असते आणि आतल्या पात्यांनी झोत हवा तसा कापता येतो. ब्रिटनमधल्या स्ट्रँड इलेक्ट्रिकने १९५३ मध्ये आणलेला ‘पॅटर्न २३’ हा ५०० वॉटचा ओतीव ॲल्युमिनियमचा प्रोफाइल तिथल्या शाळांत आणि हौशी संस्थांत अनेक दशके चालला. आपल्याकडे गॅदरिंगला भाड्याने येणारा काळा डबा म्हणजे पार. त्यात बल्ब, परावर्तक आणि काच एकसंध असतात, डबा केवळ आवरण. ‘पार ६४’ मधला ६४ हा आकडा व्यासाचा, तोही अष्टमांश इंचांत. म्हणजे तोंड आठ इंचांचे. झोत लंबगोल पडतो, म्हणून आतला बल्ब फिरवून त्याची दिशा जुळवावी लागते.

या दिव्यांचा सांगाडा आणि भिंग सहसा बिघडत नाहीत, बिघडतात वायरी. उष्णतेने दिव्यातून बाहेर येणाऱ्या वायरीचे आवरण कडक होऊन तडकते, आणि दिव्याचे अंग धातूचे असल्याने अर्थिंग तुटलेला दिवा म्हणजे शिडीवर चढलेल्या मुलाच्या हातात दिलेला शॉक. म्हणून माळ्यावरून काढलेला दिवा आधी लावून पाहू नये. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगची आणि मेगरने इन्सुलेशनची तपासणी करून घ्यावी. फार जुन्या दिव्यांत वायरीभोवती पांढरट तंतूंचे वेष्टन दिसले तर ते ॲस्बेस्टॉस असू शकते. ते उसवू नये, झटकू नये. असा दिवा बाजूलाच ठेवावा. टांगताना क्लॅम्पचा बोल्ट घट्ट हवाच, शिवाय प्रत्येक दिव्याला बारभोवती वेगळी सुरक्षा-साखळी हवी. क्लॅम्प निसटला तरी ती दिवा धरून ठेवते.

नंतरचा प्रश्न लोडचा. १००० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन चालतात, चौथा लावला की मर्यादा ओलांडते आणि एमसीबी पडू शकतो, तोही नेमका राजाच्या प्रवेशाला. दहा दिव्यांना त्रेचाळीस अँपिअर लागतात. ध्वनियंत्रणा आणि पंखे निराळे. तेव्हा दिवे तिन्ही फेजवर विभागणे आणि शाळेचा मंजूर भार आधी पाहणे ओघानेच आले. भारतीय घरांत गिझरला लागते ती जुनी जाड गोल पिनांची १५ अँपिअरची प्लग ब्रिटनमधल्या घरांतून गेली, पण तिथल्या नाट्यगृहांत दिव्यांसाठी टिकून राहिली!

घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णतेत जाते. पताका, थर्मोकोल आणि झालरी दिव्यापासून निदान मीटर-दीड मीटर लांब हव्यात. दिव्यावर अधिक अंतर छापलेले असेल तर तेच पाळावे. हॅलोजन बल्बच्या क्वार्ट्झ काचेला उघडे बोट लावू नये. बोटाचे तेल तापून तिथे काच पांढरी पडते आणि बल्ब वेळेआधी जातो. चुकून हात लागलाच तर थंड बल्ब स्पिरिटने पुसावा. पेटलेला दिवा झटक्याने हलवला तर तापलेली फिलामेंट तुटू शकते, म्हणून फोकस करताना घाई नको.

डिमर ही या दिव्यांची खरी श्रीमंती. एके काळी मिठाच्या पाण्यात धातूच्या पट्ट्या वरखाली करून प्रकाश कमीजास्त करत. पुढे रोधाचे डिमर आले, मग डिमरस्टॅट, त्यानंतर थायरिस्टर. व्होल्टेज उतरले की हॅलोजन नुसता मंदावत नाही, तांबूस होत जातो. संध्याकाळ दाखवायला निराळा रंग लागत नाही. एलईडी दिवे मात्र डिमरच्या सॉकेटवर लावू नयेत, त्यांना थेट मेन्सचा पुरवठा द्यावा. दोन्ही एकाच टेबलावरून चालवणे १९८६ मध्ये ठरलेल्या डीएमएक्स ५१२ या संकेतप्रणालीमुळे शक्य होते. डिमर पॅकला तो संकेत कळला की त्याच्यामागचा दिवा कितीही जुना असो.

मांडणीसाठी येल विद्यापीठातल्या स्टॅनले मॅकँडलेसने १९३२ च्या पुस्तकात दिलेली पद्धत अजून उपयोगी पडते. मंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येकावर दोन बाजूंनी तिरके दिवे टाकायचे, एक उबदार, एक थंड छटेचा. शाळेकडे आठच दिवे असतील तर पुढच्या तीन भागांना सहा आणि मागून दोन. चेहऱ्यांसाठी जुने फ्रेनेलच ठेवावेत, कारण हॅलोजनचा वर्णपट सलग असल्याने त्वचा आणि कपड्यांचे रंग खरे दिसतात. स्वस्त लाल-हिरव्या-निळ्या एलईडीखाली पात्रे आजारी भासतात. रंगांचे काम मात्र एलईडीकडे द्यावे. गडद निळे जिलेटिन दिव्याचा बहुतेक प्रकाश अडवते आणि काही प्रयोगांत स्वतःही फिके पडते, म्हणजे किलोवॉट जाळून हाती चांदणेही लागत नाही.

युरोपीय संघाच्या दिव्यांविषयीच्या नव्या नियमांत रंगमंचाला सवलत मिळाली, तरी हॅलोजन बल्ब मिळणे अवघड होत चालले आहे. ज्या बल्बचे आयुष्य ३०० तास आहे, तो वर्षाला तीस तास जळणाऱ्या शाळेत दहा वर्षे पुरतो. एकदाच थोडे जादा बल्ब घेऊन ठेवणे परवडते. पावसाळाभर बंद राहिलेल्या दिव्यांत, विशेषतः कोकणात, दमट हवा शिरते. गॅदरिंगच्या आधी धूळ पुसून आणि तपासणी करून ते डिमरवर अगदी मंद ठेवून अर्धा तास तापवावेत, ओल निघून गेल्यावरच पूर्ण तेज द्यावे.