म्हातारपणाची मात्रा (लेखांक सातवा)

हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, शरीराने काय राखावे व काय बाहेर टाकावे, हे इराणी वैद्यकातले सहा आवश्यक घटक मागच्या लेखांकात आले. इब्न सीनाने ‘कानून’ या आपल्या वैद्यकग्रंथाच्या पहिल्या खंडात वृद्धांसाठी याच घटकांचा स्वतंत्र विचार केला आहे. इ. स. ९८०च्या सुमारास बुखाऱ्याजवळ जन्मलेला हा हकीम १०३७मध्ये हमदानला वारला; साठीनंतर सुरू होते असे त्याने मानलेले वार्धक्य त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलेच नाही. दिव्याची ज्योत तेलावर जगते तशी शरीराची मूळ ऊब मूळ ओलाव्यावर जगते आणि वयाबरोबर दोन्ही ओसरतात, हा त्याचा सिद्धांत. म्हणून वृद्ध प्रकृती थंड व कोरडी, आणि उपाय ऊब व ओलावा देणारे: स्नान, तेलाचे हलके मर्दन, पुरेशी झोप, पचायला सोपे अन्न. आरोग्यशास्त्र मरण टाळू शकत नाही, प्रत्येकाला दीर्घायुषी करण्याची हमीही देत नाही, हे तो स्पष्ट लिहितो. ओलावा अकाली आटू नये, एवढेच त्याचे उद्दिष्ट.

या सिद्धांतापेक्षा मला त्यातली मात्रेची जाण मोलाची वाटते. वृद्धाने एका वेळी थोडे, पण दिवसातून दोन-तीनदा खावे, आणि किती ते त्याच्या पचनशक्तीवरून ठरवावे. दूध उत्तम, पण ज्याला ते पचते त्यालाच. बद्धकोष्ठ हा म्हातारपणाचा जुना शत्रू. त्यासाठी अंजीर आणि ऑलिव्हच्या तेलातल्या भाज्या जेवणाच्या सुरुवातीला. व्यायामातही तसेच: पाय अधू असतील तर वरच्या अंगाला काम द्यावे, भोवळ येत असेल तर डोके खाली जाईल अशा हालचाली टाळाव्यात. ही दृष्टी इब्न सीनाच्याही आधीची आहे. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने ऐंशी उलटलेल्या अँटायोकस या वैद्याचे चालणे आणि मोजके खाणे मुद्दाम नोंदवले होते. सगळ्या म्हाताऱ्यांना एकच पथ्य लावणे ही आपल्या घरांत आजही होणारी चूक या परंपरेने केली नाही.

आक्षेप उघड आहे: ऊब, ओलावा, चार दोष ही उपपत्ती आज टिकत नाही, मग तिच्यातून निघालेला सल्ला का मानावा? उपपत्ती चुकली हे मान्यच करावे लागेल. पण निरीक्षण उपपत्तीबरोबर बुडत नाही. वयाबरोबर शरीरातल्या पाण्याचे प्रमाण घटते, तहान कमी जाणवते, थंडी सोसवत नाही. हे आजचे शरीरशास्त्रही सांगते. जुन्या हकिमांनी ते टिपले, कारण मात्र वेगळे लावले. तेव्हा प्रत्येक सल्ला आज स्वतंत्रपणे तपासावा लागतो. इराणमधल्या वैद्यकीय विद्यापीठांत पारंपरिक वैद्यकावर पीएच. डी.पर्यंतचे शिक्षण चालते, आणि तिथे हीच तपासणी सर्वांत निकडीची आहे.

तपासणीत काही गोष्टी गळतील, आणि त्या गळायलाच हव्यात. वृद्धांना जुनी मदिरा सुचवणारा भाग आज कोणी पाळू नये. ‘थोडे खा’ हा सल्ला अर्धाच घेतला तर घातक ठरतो: म्हातारपणी स्नायू झिजतात, त्यामुळे आजचे आहारतज्ज्ञ निरोगी वृद्धाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे. ताटात वाढायचे कमी, पण डाळ, दही, अंडे, मासे यांतले काही प्रत्येक वेळी हवेच. गरम पाण्याच्या दीर्घ स्नानाने रक्तदाब उतरून वृद्ध पडू शकतो. सर्वांत मोठी सावधगिरी औषधी वनस्पतींबाबत हवी. ज्येष्ठमध इराणी वैद्यकात सर्रास वापरला जातो. तो बराच काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका दुणावतो. म्हणून घरात आजोबांसाठी काढा उकळत असेल, तर त्यांच्या गोळ्यांची यादी आणि काढ्यातल्या जिनसांची यादी डॉक्टरांपुढे एकत्रच ठेवावी.