गाणं गायचं आणि शिकवायचं : डॉ. प्रभा अत्रे यांची वाट

गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण आम्ही वहीत लिहून घेतो. बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, मुलांची फी. मार्केट यार्डात कांदा-बटाटा निवडणाऱ्या बायकांच्या एका गटात या वेळी वेगळंच कारण आलं : लेकीला गाण्याचा क्लास लावायचा आहे आणि जुनी पेटी घ्यायची आहे. त्यावर पहिला प्रश्न उठला, "गाण्यावर पोट भरतं का गं?"

प्रश्न चुकीचा नाही. पैसा सगळ्यांच्या घामाचा असतो, त्यामुळे विचारायलाच हवं. पण "नाही भरत" असं म्हणून विषय मिटवण्याआधी गाणाऱ्या बाईचं काम चालतं कसं, हे समजून घेऊ. म्हणून आजचं बोलणं डॉ. प्रभा अत्रे यांच्याबद्दल. आपल्या पुण्याच्याच त्या. जन्म १३ सप्टेंबर १९३२ चा.

त्यांच्या गाण्याची सुरुवात घरातल्या आजारपणातून झाली. प्रभाताई आठ वर्षांच्या असताना आई इंदिराबाईंची तब्येत बरी नसायची. गाणं शिकलात तर मनाला बरं वाटेल, असं कुणीतरी सुचवलं आणि घरात शिकवणी सुरू झाली. ती ऐकता ऐकता लेकीला गोडी लागली. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर यांच्याकडे त्यांचं खरं शिक्षण झालं. सुरेशबाबू १९५३ साली गेले, पण हिराबाईंची साथ राहिली.

हिराबाईंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. त्यांचा जन्म १९०५ साली मिरजेत झाला. त्या काळी चांगल्या घरच्या बाईनं चारचौघांत बैठकीला बसून गाणं म्हणजे लोकांच्या भुवया वर जायच्या. ऐकायला सगळ्यांना हवं, पण गाणारीला मान द्यायला कुणी तयार नाही, अशी तऱ्हा होती. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. लोक पैसे मोजून, शिस्तीत बसून, बाईचं गाणं गाणं म्हणून ऐकू लागले. ज्या व्यासपीठावर पुढच्या पिढीतल्या मुली सहज जाऊन बसल्या, ते आधी कुणीतरी झिजून तयार केलं होतं.

आता पोटापाण्याचं. प्रभाताईंनी फर्ग्युसन कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेतली, नंतर कायद्याचीही घेतली. वाट मात्र गाण्याचीच धरली. सुरुवातीच्या काळात 'संशयकल्लोळ', 'मानापमान', 'सौभद्र' अशा संगीत नाटकांत कामं केली. आकाशवाणीवर सहायक निर्माती म्हणून सुमारे दहा वर्षं नोकरी केली. सरगम, म्हणजे गाताना 'सा रे ग म' ही स्वरांची नावं घेऊन आलाप-ताना करणं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. मैफलीत सरगम गाणं काही जाणकारांना आवडत नसे. प्रभाताईंनी ती गायलीही, आणि तिच्यावर प्रबंध लिहून डॉक्टरेटही मिळवली. आम्हाला हे फार आवडतं. टीका झाली तर भांडत बसण्यापेक्षा अभ्यास करून उत्तर दिलं!

१९७९ साली मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात त्या संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९९२ पर्यंत तिथे शिकवलं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली बायकांसाठी सुरू केलेलं तेच हे विद्यापीठ. शिकवण्याची ही सगळी वर्षं मैफलीही चालूच होत्या, देशात आणि परदेशातही. मारू बिहाग आणि कलावती या रागांचं त्यांचं ध्वनिमुद्रण घरोघरी वाजलं. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे राग त्यांनी नव्याने बांधले. बंदिशी स्वतः रचल्या आणि पुस्तकं लिहिली. एकदा तर त्यांची ११ पुस्तकं एकाच व्यासपीठावर प्रकाशित झाली. पुण्यात स्वरमयी गुरुकुल उभं केलं. तिथे शिष्यांनी गुरूजवळ बसून शिकायचं, अशी जुनी रीत. सरकारनं १९९० साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण आणि २०२२ साली पद्मविभूषण दिलं.

आता आपल्या हिशेबानं बघा. मैफलीचं उत्पन्न हे हंगामी पिकासारखं असतं. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट आणि थंडीतले महोत्सव एवढे दिवस बोलावणी येतात. मग मधले महिने कोरडे जाऊ शकतात. मिळालेल्या मानधनातून जाण्यायेण्याचा खर्च निघायला हवा. तबलेवाला आणि पेटीवाला यांचे पैसे कधी आयोजक देतात, कधी कलाकाराला द्यावे लागतात, म्हणून आधीच विचारून घ्यायचं. शिवाय वर्षभर रोजचा रियाज, त्याला कुणी पगार देत नाही. २०२० साली करोनात मैफली बंद पडल्या, तेव्हा नुसत्या मैफलींवर अवलंबून असलेल्यांचे हाल झाले.

शिकवणं हे दुधाच्या रतिबासारखं. रक्कम लहान, पण दर महिन्याला येते. आपल्याकडे मात्र शिकवणाऱ्या बाईला फी मागायला लाज वाटते आणि शिकणाऱ्याला ती द्यायला जड जातं. "गाणंच तर शिकवता" असं म्हणतात. सकाळी मेथीच्या जुडीला भाव करताना आपण असं म्हणत नाही. विद्या विकू नये, ही म्हण बहुतेक पोट भरलेल्या माणसानं काढली असावी, असं आमचं मत. प्रभाताईंनी नोकरी केली, पगार घेतला, आणि म्हणून त्यांचं गाणं काही हलकं झालं नाही.

आणखी एक गोष्ट. शिकवणं म्हणजे मैफली मिळत नाहीत म्हणून करायचं दुय्यम काम, असंही नाही. तान घ्यायची कशी, हे दुसऱ्याला सांगताना आधी आपल्यालाच नीट कळावं लागतं.

हे फक्त गाणाऱ्यांचं नाही, वाजवणाऱ्यांचंही तसंच. नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या सास्किया राव-द हास दिल्लीत राहतात. त्या चेलो वाजवतात. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीतलं मोठं वाद्य, खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजानं वाजवतात. आवाज पुरुषी गळ्यासारखा भरदार. त्यांना आपलं शास्त्रीय संगीत शिकायचं होतं, म्हणून पं. हरिप्रसाद चौरसियांकडे शिकल्या. मांडी घालून वाजवता यावा असा लहान अंगाचा चेलो बनवून घेतला आणि सतारीला असतात तशा तरफेच्या तारा त्यात बसवल्या. त्याही मैफली करतात आणि लहान मुलांना संगीत शिकवण्याचं कामही करतात. वाद्य वेगळं, देश वेगळा, पण प्रपंचाची बैठक तीच.

आपल्या घरातल्या मुलीला शिकवायचं असेल तर काय करावं? पहिली दोन वर्षं फार खर्च करू नका. तानपुऱ्याचा सूर मोबाइलवर मिळतो. पेटी जुनी चालते, पण जाणकाराकडून सूर तपासून घ्या. वाद्य मोठं घ्यायची वेळ आली, तर मिरजेचे कारागीर तानपुरे-सतारी बनवतात. त्यांचे भोपळे पंढरपूर भागातल्या शेतांत पिकतात. हा कडू भोपळा आपल्या भाजी बाजारात येत नाही, वाळवून थेट वाद्याला जातो. गटाचं कर्ज घ्यायचं तर क्लासच्या फीसाठी थोडं थोडं घ्या, एकदम मोठी रक्कम नको. शाळा-कॉलेज सोडायला लावू नका. प्रभाताईंच्या दोन्ही पदव्या डोळ्यांसमोर ठेवा.

मुलीला चांगलं गाणं ऐकवा, समोर बसून. मार्केट यार्डापासून जवळच, मुकुंदनगरच्या मैदानावर अलीकडे डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव होतो. पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. अनेक वर्षं त्याची सांगता प्रभाताईंच्या गाण्यानं होत असे. नव्वदी ओलांडली तरी त्या गात होत्या. १३ जानेवारी २०२४ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हाही मुंबईत कार्यक्रमाला जायचं ठरलेलं होतं.

परीक्षांचंही विचारलं जातं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार. विशारद होईपर्यंत सात वर्षं सहज जातात. विशारद झालेली मुलगी क्लास काढू शकते, शाळेत संगीत शिकवण्यासाठी अर्ज करू शकते. आकाशवाणीवर गायचं तर आवाजाची वेगळी चाचणी असते. त्यात 'बी', 'बी हाय', 'ए' आणि 'टॉप' अशा श्रेणी मिळतात. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. फॉर्म गुरूंमार्फत केंद्रावर भरतात. म्हणून क्लास लावतानाच बाईंना विचारून घ्या, त्या कोणत्या केंद्रातून मुलं बसवतात आणि फॉर्मची तारीख कधी असते.