विरळ हवेचे देणे-घेणे

विमान जितके उंच, तितके वेगवान, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. वर हवा विरळ होत जाते. २२ हजार फुटांवर तिची घनता समुद्रसपाटीच्या निम्मी उरते. त्यामुळे विमानाला होणारा हवेचा अडथळा घटतो. हे हवेचे देणे. पण इंजिनालाही इंधन जाळायला हवाच लागते. तिथे तीच विरळ हवा आपले घेणे वसूल करते.

मग मोठे इंजिन बसवले तर? वेग दुप्पट करायला शक्ती साधारण आठपट लागते. शक्ती दुप्पट केली, तर वेग जेमतेम सव्वापट होतो. शिवाय वजन आणि इंधन वाढते ते वेगळेच.

लहान विमानाचे पेट्रोल इंजिन लांबच्या प्रवासात सहसा ७५ टक्के शक्तीवर चालवतात. सात-आठ हजार फुटांपर्यंत थ्रॉटल पूर्ण उघडून ती शक्ती मिळते आणि हवाही विरळ असते. त्यामुळे प्रवासातला सर्वाधिक वेग तिथेच सापडतो. त्याहून वर इंजिनाचा दम कमी पडतो.

हा दम टिकवायचा कसा? १९१८ साली अमेरिकेतील इंजिनिअर सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या शिखरावर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन वर २३० वर आले. मॉस यांनी त्याला टर्बोसुपरचार्जर जोडला. वाया जाणाऱ्या गरम धुरावर त्यातले एक चक्र फिरते आणि त्याच्या जोरावर दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. शक्ती ३५६ झाली!

१९२० साली मेजर रुडॉल्फ श्रोडर असे इंजिन घेऊन ३३ हजार फुटांवर गेले. इंजिनाला हवा पुरली, माणसाला पुरली नाही. ते बेशुद्ध झाले आणि विमान कित्येक मैल खाली कोसळत आले. ऐनवेळी शुद्ध आली. थंडीने डोळे गोठलेले असतानाही त्यांनी विमान उतरवले.

आजची जेट विमाने ३५ हजार फुटांच्या आसपास उडतात. तिथे त्यांच्याही इंजिनाचा जोर घटतो, पण अडथळाही घटलेला असतो. प्रवाशांसाठी केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते. वैमानिकाने उंचीचा आकडा सांगितला, की समजावे, हा सारा हिशेब त्या उंचीवर जुळला आहे.