गणितात नापास होणे नशिबात नसते

पदवीच्या पहिल्या वर्षाला गणित राहिले की आपली कितीतरी मुले-मुली शास्त्र शाखाच सोडतात. विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही त्यांच्या वह्या तपासतो. ती कॅल्क्युलसमध्ये अडत नाहीत. त्याआधीचे बीजगणित, त्रिकोणमिती आणि लॉगरिथम कच्चे राहिलेले असते.

नेहमीची चूक पाहा. साइन ३०° आणि साइन ६०° यांची बेरीज म्हणजे साइन ९०°, असे लिहितात. बेरीज येते सुमारे १.३६६, साइन ९०° मात्र १ आहे. तसेच पाया १० असताना लॉग १० अधिक लॉग १० म्हणजे लॉग २० नव्हे, लॉग १००, उत्तर २.

विद्यार्थी मित्रांनो, सोडवलेली उदाहरणे नुसती वाचू नका. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सोडवा. चुकलेले उदाहरण दोन दिवसांनी पुन्हा करा. शेवटी घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा.

आणि आईवडिलांनो, घर एका खोलीचे असले तरी परीक्षेपर्यंत रात्री दोन तास टी.व्ही. बंद ठेवा. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, ते आपल्या मुलांनी पहिल्याच वर्षी माघारी फिरावे म्हणून नव्हे. जयभीम!