वय झालं नाही, रक्त साचलंय

विट्याच्या आसपासच्या गावांत सत्तरी ओलांडलेली माणसं घरात एकटी, फार तर दोघंच राहतात, हे नवं नाही. खानापूर तालुक्यातली गलाईवाली पोरं सोनं-चांदी आटवायला देशभरातल्या शहरांत पांगली. घर, वावर आणि म्हसरं आईवडिलांच्या हवाली राहिली. अशा घरात कधी तात्यांचा मोरीत पाय घसरतो. कधी दावणीला म्हैस धक्का देते, तर कधी मोटारसायकलवर मागं एका बाजूनं बसलेल्या आजी गतिरोधकावर खाली येतात. डोक्याला टेंगूळ येतं, त्यावर हळद लावली जाते आणि विषय संपतो. मुलाला फोनवर सांगितलंही जात नाही, त्याला उगाच घोर नको म्हणून.

तीन-चार आठवडे जातात. मग तात्यांच्या पायातली एकच चप्पल सुटते आणि त्यांना कळत नाही. हातातली कपबशी कलते. दुपारी झोपलेले दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत. दिवाळीत उसाच्या बिलाचा हिशोब तोंडपाठ सांगणारा माणूस संक्रांतीला नातवाचं नाव चुकतो. घरचे, शेजारी, कधीकधी औषध देणारेसुद्धा एकच वाक्य बोलतात, ‘वय झालं आता.’

या वाक्यावर माझा राग आहे. कारण यातल्या काही माणसांना वयानं नव्हे, कवटीखाली साचलेल्या रक्तानं असं केलेलं असतं आणि ते रक्त काढता येतं. या आजाराला डॉक्टर क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. न्यूरोसर्जन वारंवार करतात अशा शस्त्रक्रियांपैकी त्यावरची शस्त्रक्रिया ही एक आहे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तिच्यावर जे संशोधन झालं, ते खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या थेट कामाचं आहे.

उतारवयात मेंदू थोडा आकसतो. कवटीच्या आतलं जाड वेष्टण म्हणजे ड्युरा. मेंदू आणि ड्युरा यांच्यात बारीक शिरा असतात. मेंदू आकसला की त्या ताणल्या जातात. म्हणून तरुण माणूस ज्या धक्क्यानं नुसता चरफडतो, त्याच धक्क्यानं म्हाताऱ्याची एखादी शीर फाटते. रक्त थोडंच झिरपतं. आकसलेल्या मेंदूभोवती जागा असल्यानं पहिल्या दिवशी त्रासही होत नाही. खरी गोष्ट पुढं घडते. त्या रक्ताभोवती शरीर पातळ पापुद्रा तयार करतं, पापुद्र्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्या पुन्हापुन्हा पाझरतात. दाह वाढतो, साठा वाढतो, मेंदू एका बाजूला ढकलला जातो. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८५७ मध्ये याला वेष्टणाच्या दाहाचा आजार मानलं होतं. १९१४ मध्ये लंडनचे सर्जन विल्फ्रेड ट्रॉटर यांनी बोट ठेवलं ते मार लागून फाटणाऱ्या शिरांवर. आज पाहिलं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं: सुरुवात मारानं होते आणि आजार वाढतो दाहानं.

म्हणूनच पडल्याच्या दिवशी काढलेला सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी पुढचे दोन-तीन महिने निर्धास्त राहता येत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास तर जुनं रक्त स्कॅनवर मेंदूच्याच रंगाचं दिसतं आणि घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटू शकतं. हृदयात स्टेंट बसवल्यामुळे किंवा झडपेसाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे, तसंच बरीच वर्षं दारू पिणारे यांना धोका जास्त असतो. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नयेत. स्टेंट तुंबला तर जिवावर बेतेल.

घरच्या माणसानं पाहायचं ते बदलाचा वेग. स्मृतिभ्रंश सहसा वर्षानुवर्षं हळूहळू येतो. हा आजार काही आठवड्यांत माणूस बदलतो. शिवाय तो एकसारखाही नसतो, सकाळी माणूस बरा बोलतो आणि संध्याकाळी गोंधळतो. त्यामुळेच लोक फसतात. डोकं दुखणं, चालताना एका बाजूला झोक जाणं, एका अंगाची ताकद कमी होणं, शब्द न सुचणं, नव्यानं कपड्यात लघवी होणं यांतलं काही दिसलं तर ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत पडला होतात का?’ हे विचारायलाच हवं. पडणं आठवलं नाही तरी तपासणी टाळू नये. कित्येक रुग्णांना ते आठवतच नाही.

शस्त्रक्रिया म्हटलं की भीती वाटते, पण ती तुलनेनं लहान आहे. कवटीला एक किंवा दोन छिद्रं पाडतात. अनेकदा नुसती जागा बधिर करून भागतं. आतून जळक्या इंजिन ऑइलसारखं काळपट पातळ रक्त बाहेर येतं आणि मेंदूवरचा दाब उतरतो. बऱ्याच रुग्णांचे हातपाय काही तासांत किंवा दिवसांत हलू लागतात. अडचण असते ती रक्त पुन्हा साचण्याची आणि संशोधकांनी तिचाच पाठलाग केला.

केंब्रिजमध्ये २१५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त काढल्यावर निचऱ्यासाठी एक बारीक नळी दोन दिवस आत ठेवायची की नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता. नळी ठेवलेल्यांत ९.३ टक्क्यांना पुन्हा रक्त साचलं, न ठेवलेल्यांत २४ टक्क्यांना. सहा महिन्यांतले मृत्यूही निम्म्याहून कमी झाले. फिनलंडमध्ये ५८९ रुग्णांवर आणखी साधा प्रश्न तपासला गेला: आतली पोकळी सलाइननं धुवायची की रक्त आपोआप वाहू द्यायचं? निकाल २०२४ मध्ये आला. न धुतलेल्यांपैकी १८.३ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, धुतलेल्यांपैकी १२.६ टक्क्यांना.

या दोन अभ्यासांची थोरवी मला सगळ्यात जास्त वाटते. नळी आणि सलाइन कुठल्याही ऑपरेशन थिएटरात असतं.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोष्ट उलटी झाली. दाह कमी करणारं औषध उपयोगी पडेल असं वाटणं साहजिक होतं आणि ते बरीच वर्षं दिलंही जात होतं. ब्रिटनमध्ये ७४८ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला तेव्हा दिसलं की पुन्हा ऑपरेशन करण्याची वेळ खरोखरच कमी आली, ७.१ ऐवजी १.७ टक्के. पण सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण औषध घेतलेल्यांत ८३.९ टक्के होते आणि न घेतलेल्यांत ९०.३ टक्के. स्कॅन सुधारला, माणूस तितका सुधारला नाही.

सध्या बोलबाला आहे तो पापुद्र्याला रक्त पुरवणारी धमनीच बंद करण्याच्या उपचाराचा. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन ती धमनी आतून बुजवतात. अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेला याची जोड दिल्यावर पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण ११.३ वरून ४.१ टक्क्यांवर आलं. चीन आणि फ्रान्समधल्या अभ्यासांत मात्र फरक निर्णायक ठरला नाही. उपचार आश्वासक आहे, पण त्याला कॅथलॅब आणि त्यातला तज्ज्ञ लागतो. आपल्याकडं तो सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत तात्यांना नळी आणि सलाइनवालं ऑपरेशन वेळेत मिळणं महत्त्वाचं.

ते विट्याला फार दूरचं नाही. गुहागर-विजापूर रस्त्यानं पश्चिमेला कराड आणि तासगाववरून सांगली-मिरज. मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून या भागातले रुग्ण तिकडं जात आलेत, १९६२ पासून तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत न्यूरोसर्जरीचा समावेश आहे, त्यामुळे रेशनकार्ड आणि आधार घेऊन निघावं आणि गेल्या गेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावं. रस्ता तास-दोन तासांचा आहे. उशीर होतो तो घरात, ‘पुढच्या महिन्यात पोरगं यात्रेला येतंय, तवा बघू’ म्हणण्यात.

एक गोष्ट अजून पुरती सुटलेली नाही. ऑपरेशननंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या? लवकर केल्या तर रक्त साचण्याची भीती, उशिरा केल्या तर हृदयाला किंवा मेंदूला गुठळीची भीती. सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. प्रत्येक रुग्णासाठी न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. त्यासाठी स्टेंट कधी आणि कोणता बसवला हे त्यांना माहीत असावं लागतं. म्हणून निघताना तात्यांच्या उशाखालची गोळ्यांची पाकिटं आणि अँजिओप्लास्टीची जुनी फाइल पिशवीत घ्यावी.