घरखरेदीतील मध्यस्थ : नेमका कुणाचा माणूस?

अकोल्यात घर शोधू लागलेल्या कुटुंबाची मध्यस्थाशी गाठ बहुधा पडतेच. घर दाखविणे, मालकाशी बोलणी, इसार, खरेदीखत हे सारे त्याच्यामार्फत होते आणि सौदा जुळला की अनेकदा तो दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो. अशा वेळी खरेदीदाराने त्याची मदत घ्यावी का आणि घेतली तर कशासाठी, हे आधीच ठरविणे इष्ट.

दलालीचे गणित साधे आहे. प्रत्येक बाजूकडून एक टक्का ठरल्यास ३० लाखांच्या घरावर मध्यस्थाला ६० हजार रुपये मिळतात. त्याने घासाघीस करून किंमत एक लाखाने उतरविली, तर खरेदीदाराचे लाख रुपये वाचतात. त्याचे स्वतःचे दोन हजार कमी होतात. व्यवहार फिसकटला तर मात्र सगळीच दलाली बुडते. म्हणजे त्याचे हित भाव पाडण्यात नसून सौदा लवकर पार पडण्यात असते. यात लबाडी असतेच असे नाही. पण ही मर्यादा ओळखायला हवी.

अमेरिकेत खरेदीदाराचा वेगळा एजंट असतो. तेथेही मोबदल्यावरून न्यायालयीन वाद झाले. एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने केलेल्या तडजोडीनंतर, ऑगस्ट २०२४ पासून घर दाखविण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करण्याचा नियम आला.

आपल्याकडे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी बंधनकारक केली. महारेराने पुढे त्यांच्यासाठी परीक्षा व प्रमाणपत्रही सक्तीचे केले. मात्र जुन्या घराच्या पुनर्विक्रीत हे संरक्षण सहसा मिळत नाही.

मदत केव्हा घ्यावी?

नव्या प्रकल्पात सदनिका घ्यायची असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर माहिती तपासून थेट बांधकाम व्यावसायिकाशी बोलता येते. जुन्या घराचे तसे नाही. विक्रीची अनेक घरे जाहिरातीत येतच नाहीत. बदलीवर आलेल्या नोकरदाराला मोर्णेच्या पुराचे पाणी कोणत्या वस्तीत शिरते, नळाला किती दिवसांनी पाणी येते, कूपनलिकेचे पाणी खारे आहे का, हे ठाऊक नसते. येथे जाणकार मध्यस्थाची दलाली वसूल होते. तरीही त्याचे म्हणणे शेजाऱ्यांकडून पडताळून पाहावे.

कागदपत्रांसाठी वकीलच

मालकी हक्काची तपासणी मात्र मध्यस्थावर सोपवू नये. २०१६ मध्ये मलकापूर, शिवणी, गुडधी यांसारखी गावे महापालिका हद्दीत आली. अशा भागात बांधकामाला परवानगी कुणी व कधी दिली, भूखंड अकृषक आहे की गुंठेवारीतला, गुंठेवारीतला असल्यास तो नियमित झाला आहे का, हे पाहावे लागते. जुन्या शहरात जागा नझूलची असेल, तर भाडेपट्ट्याच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. सातबारा, आखीव पत्रिका आणि ३० वर्षांचा शोध अहवाल यांसाठी स्वतःचा वकील नेमावा. त्याचे शुल्क सौदा होण्यावर अवलंबून नसते, म्हणूनच तो ‘हे घर घेऊ नका’ असे निःसंकोच सांगू शकतो.

मध्यस्थ नेमलाच, तर दलाली किती, ती कधी द्यायची आणि विक्रेत्याकडूनही तो घेणार आहे का, हे घरे पाहण्यापूर्वीच लिहून घ्यावे. वकिलाचा अहवाल हाती येईपर्यंत इसाराची घाई करू नये. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ हे वाक्य ऐकू आले, तरीही.