प्रशिक्षक गेले, टाळ्या थांबल्या नाहीत!

क्रिकेटचं माहेर मानल्या जाणाऱ्या चेन्नईत २०१४ साली फुटबॉलचा एक क्लब उभा राहिला. परदेशी प्रशिक्षक आले, जिंकले, हरले, निघून गेले. पण तिथल्या चाहत्यांनी त्यांना मनातून जाऊ दिलं नाही. हरलेल्या माणसाचेही आभार मानणाऱ्या या प्रेक्षकांची ही गोष्ट.

३१ जानेवारी १९९९. चेन्नईचं चेपॉक मैदान. पाकिस्तानविरुद्ध पाठीचं दुखणं सोसत सचिन तेंडुलकरनं १३६ धावा काढलेल्या. तो बाद झाला तेव्हा विजय अवघा १७ धावांवर होता. पण उरलेले तिघं भराभर परतले आणि भारत १२ धावांनी हरला. मैदानावर क्षणभर स्मशानशांतता पसरली. आणि मग एकेक करत लोक उभे राहिले, टाळ्या वाजू लागल्या. पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली आणि अख्खं चेपॉक त्यांच्यासाठी उभं होतं! ज्यांनी तो दिवस टीव्हीवर पाहिला, त्यांच्या डोळ्यांसमोरून तो अजून हललेला नाही.

चेन्नईचा प्रेक्षक तो हा असा. याच शहरात, सेंट्रल रेल्वे स्थानकाच्या जवळ, जवाहरलाल नेहरू स्टेडियम आहे. तिथे पिवळ्या जर्सीऐवजी निळी जर्सी दिसते आणि बॅटीऐवजी ढोल. १९९९च्या त्या टाळ्यांचं धाकटं भावंडं इथे वाढलं आहे. फरक एवढाच, की या टाळ्या खेळाडूंइतक्याच मैदानाबाहेर उभ्या असलेल्या एका माणसासाठी असतात. तो माणूस म्हणजे संघाचा प्रशिक्षक. तेही आजचा नव्हे, सोडून गेलेला!

नावातच शहर

२०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि चेन्नईयिन एफसी हा क्लब जन्माला आला. अभिषेक बच्चन, विटा दाणी आणि महेंद्रसिंग धोनी हे त्याचे मालक. धोनी म्हटल्यावर चेन्नईत दार आपोआप उघडतं हे खरं, पण लोकांना घरात बसवून घेतलं ते क्लबच्या नावानं. तमिळमध्ये ‘चेन्नईयिन’ म्हणजे ‘चेन्नईचा’. इतकं साधं, इतकं आपलेपणाचं.

पाहता पाहता चाहत्यांच्या संघटनाही उभ्या राहिल्या. एक ‘बी स्टँड ब्लूज’, स्टेडियमच्या ज्या भागात बसायचं त्याचंच नाव घेतलेली. दुसरी ‘सुपरमच्चान्स’. मच्चान म्हणजे नात्यानं मेव्हणा, पण चेन्नईच्या बोलीत तो जिवलग दोस्त. आपण ‘काय रे भावा’ म्हणतो ना, तसंच!

आता वाचकांच्या मनात प्रश्न येईल, की गोल करतात खेळाडू, मग कौतुक प्रशिक्षकाचं का? क्रिकेटमध्ये मैदानावरची सूत्रं कर्णधाराच्या हाती असतात. फुटबॉलमध्ये कर्णधार दंडाला पट्टी बांधतो, पण घर चालवतो तो प्रशिक्षक. अकरांत कोण, बाकावर कोण, कुणाला कधी बाहेर काढायचं, कुणाचं काय बिनसलंय, कुणाला रागवायचं आणि कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा, सगळं तोच पाहतो. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या माणसासारखं त्याचं असतं. सणाचा लाडू गोड झाला तर श्रेय सगळ्यांचं. दूध नासलं तर बोल एकट्याला!

छातीवर टक्कर झेललेला माणूस

क्लबचा पहिला प्रशिक्षक होता मार्को मातेराझी. फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही हा माणूस ठाऊक असतो, फक्त नाव ठाऊक नसतं. ९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिनेदिन झिदाननं ज्याच्या छातीवर डोकं हाणलं, तोच हा इटालियन. त्याच सामन्यात इटलीचा बरोबरीचा गोल त्याचाच होता, हे मात्र लोक विसरतात.

या माणसाच्या आयुष्यात दुसराही एक प्रसंग आहे. मे २०१०मध्ये इंटर मिलान माद्रिदमध्ये युरोपचा विजेता ठरला. प्रशिक्षक जोझे मोरिन्यो क्लब सोडून निघाले होते. स्टेडियमबाहेर भिंतीला टेकून उभा असलेला मातेराझी त्यांना दिसला. ते गाडीतून उतरले, त्याला मिठी मारली आणि दोघंही लहान मुलांसारखे रडले. प्रशिक्षक सोडून जातो तेव्हा काय वाटतं, हे ज्यानं स्वतः अनुभवलं होतं, तो माणूस चार वर्षांनी चेन्नईत प्रशिक्षक म्हणून उतरला.

पहिल्या वर्षी तो प्रशिक्षकही होता आणि गरज पडेल तेव्हा खेळाडूही. इटलीचा आणखी एक विश्वविजेता आलेस्सांद्रो नेस्टा त्याच हंगामात चेन्नईच्या जर्सीत खेळला. साखळीत चेन्नईयिन पहिला आला, पण उपांत्य फेरीत शेजारच्या केरळनं वाट अडवली. चाहते हळहळले. पण त्यांना खरा मातेराझी दिसला तो पुढच्या वर्षी.

पुराचं पाणी आणि बालेवाडीची संध्याकाळ

२०१५चा हंगाम. निम्म्याहून अधिक सामने झाले, तरी संघ गुणतक्त्याच्या तळाशी. असा संघ उपांत्य फेरीत जाईल असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. मातेराझीच्या पोरांनी साखळीतले शेवटचे चारही सामने जिंकले आणि २२ गुणांसह तिसरा क्रमांक गाठला!

इकडे मैदानावर हे घडत असताना तिकडे आभाळ फाटलं. नोव्हेंबरभर पडणाऱ्या पावसानं १ डिसेंबरला कहर केला. अड्यार नदी पात्र सोडून घराघरांत शिरली. विमानतळ बंद पडला. १८७८पासून निघणारं ‘द हिंदू’ हे दैनिक २ डिसेंबरला चेन्नईत छापलं गेलं नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचूच शकले नाहीत. राज्यात शेकडो माणसं दगावली. लोक गच्चीवर बसून दुधाच्या पिशवीची वाट पाहत होते. अशा वेळी फुटबॉल कोण आठवणार?

उपांत्य फेरीचा घरचा सामना चेन्नईत होणं शक्यच नव्हतं. तो हलवला गेला आपल्या पुण्यात. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत १२ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईयिनचा संघ ‘घरचा’ म्हणून उतरला. घर हजार किलोमीटरवर, चिखलात. समोर गतविजेता ॲटलेटिको दे कोलकाता. पण पेलिसारी, जेजे आणि मेंडोझा यांनी एकेक गोल केला आणि सामना ३-० असा खिशात घातला. ज्या संध्याकाळी चेन्नईतल्या कित्येक घरांत चिखल उपसण्याचं काम चालू होतं, त्या संध्याकाळी पुण्याच्या मैदानानं त्या शहराच्या संघाला आसरा दिला, ही गोष्ट मराठी माणसानंही लक्षात ठेवावी अशी आहे.

कोलकात्यात संघ १-२ हरला, पण बालेवाडीची पुंजी पुरून उरली. २० डिसेंबरला गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना. गोवेकरांचं स्टेडियम, गोवेकरांचा संघ आणि त्यांचे प्रशिक्षक साक्षात ब्राझीलचे झिको. ८७व्या मिनिटाला गोवा २-१नं पुढे गेलं, तेव्हा यजमानांनी जल्लोष सुरूच केला होता. पण ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या हातून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. आणि भरपाई वेळेत कोलंबियाच्या स्टिवन मेंडोझानं तिसरा गोल ठोकला. चेन्नईयिन ३, गोवा २! स्पर्धेत १३ गोल करणारा हा मेंडोझा आणि मिझोरामचा तरुण जेजे लालपेखलुआ त्या रात्री चेन्नईतल्या घराघरांत पोहोचले.

गोव्याला त्या रात्री झोप लागली नसेल. पण चेन्नईत ज्या घरात टीव्ही शाबूत होता, त्या घरात गर्दी होती. चाहत्यांच्या लेखी तो चषक क्लबचा राहिलाच नाही, तो पुरानं थकलेल्या शहराचा झाला.

पुढच्या वर्षी, २०१६मध्ये, संघ सातवा आला आणि २०१७च्या मार्चमध्ये मातेराझीनं निरोप घेतला. हिशेब मांडायचा तर तीन वर्षांत एक विजेतेपद. पण चाहत्यांनी हा हिशेब असा मांडलाच नाही. घरात पाणी शिरलं होतं तेव्हा ज्यानं हसू आणलं, त्याला कोण सातवा क्रमांक ऐकवणार?

पहिला नंबर ते शेवटचा नंबर

मातेराझीनंतर आले इंग्लंडचे जॉन ग्रेगरी. वय ६३. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले, ॲस्टन व्हिलासारख्या जुन्या क्लबचे माजी प्रशिक्षक. या वयात चेन्नईच्या उन्हात हे गृहस्थ काय करणार, अशी शंका अनेकांना होती. पहिल्याच हंगामात त्यांनी उत्तर दिलं. १७ मार्च २०१८ रोजी बंगळुरूमध्ये, बंगळुरूच्याच संघाविरुद्ध अंतिम सामना. नवव्या मिनिटालाच सुनील छेत्रीचा गोल. तरीही मैलसन आल्वेसनं डोक्यानं दोन गोल केले, राफाएल ऑगस्टोनं तिसरा, आणि चेन्नईयिननं ३-२ अशी दुसऱ्यांदा बाजी मारली.

या संघात मधल्या फळीत एक मुलगा होता, धनपाल गणेश. उत्तर चेन्नईतल्या व्यासरपाडीचा. या कष्टकरी वस्तीत मुलं चालायला लागली की चेंडूला लाथ मारतात असं म्हणतात. ग्रेगरींनी या घरच्या मुलाला नियमित खेळवलं. डेहराडूनचा अनिरुद्ध थापा मातेराझीच्या काळात क्लबमध्ये आला होता. त्याला ग्रेगरींच्या हाताखाली पालवी फुटली, आणि पुढे तोच संघाचा कर्णधार झाला. चषक कपाटात जातो, घडवलेली माणसं मात्र मैदानावर राहतात.

आणि मग खरी परीक्षा आली. २०१८-१९च्या हंगामात हाच विजेता संघ थेट शेवटचा आला! १८ सामन्यांत फक्त दोन विजय, ९ गुण. दुसऱ्या शहरात पुतळे जळाले असते. क्लबनं मात्र ग्रेगरींना काढलं नाही. त्यांनीही त्याच वर्षी सुपर कपच्या अंतिम फेरीपर्यंत संघ नेऊन थोडी भरपाई केली. पुढचा हंगामही मात्र अडखळतच सुरू झाला आणि २०१९च्या नोव्हेंबरअखेर, सहा सामन्यांनंतर, ग्रेगरी पायउतार झाले.

चाहते रागावले नव्हते का? रागावले होतेच. तिकीट काढून, बसचे धक्के खात येणारा माणूस पराभवावर चिडणार नाही तर काय करणार? पण राग आणि कृतघ्नता यांत फरक असतो. आजीच्या हातची एखादी आमटी खारट झाली म्हणून कुणी तिच्या हातच्या पुरणपोळ्या विसरत नाही. चेन्नईच्या चाहत्यांना हा फरक कळला. ग्रेगरींचं नाव निघालं की तिथे आधी बंगळुरूची ती रात्र आठवते, तळाचा क्रमांक नंतर.

गेला आणि परत आला

ग्रेगरींच्या जागी आलेल्या स्कॉटलंडच्या ओवेन कॉयल यांनी तर कमालच केली. डिसेंबर २०१९मध्ये त्यांनी बुडती नाव हाती घेतली आणि थेट अंतिम फेरीत नेली. उपांत्य फेरीत गोव्याला एकूण ६-५ असं हरवलं. पण १४ मार्च २०२०चा अंतिम सामना कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. चेन्नईयिन कोलकात्याच्या संघाकडून १-३ हरला, आणि ज्यांच्यासाठी एवढी धावपळ केली, त्या चाहत्यांना टाळ्या वाजवायलाही आत जाता आलं नाही.

कॉयल जमशेदपूरला गेले आणि तिथे २०२१-२२मध्ये साखळीतलं अव्वल स्थान मिळवून दिलं. मनात चुटपुट लागलेले चाहते २०२३मध्ये सुखावले, कारण कॉयल परतले. परतलेल्या माणसाकडून पहिल्यासारखी जादू होतेच असं नाही. पहिल्या वर्षी सहावा आलेला संघ २०२४-२५मध्ये अकराव्या स्थानी घसरला आणि २०२५मध्ये कॉयल यांनी दुसऱ्यांदा निरोप घेतला.

आपण आपल्या गुरूंना आठवतो का?

हे सगळं वाचताना एक प्रश्न मनाला टोचतो. १९६२मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचं सुवर्णपदक मिळवून देणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम १९६३मध्ये गेले. २०२४मध्ये ‘मैदान’ चित्रपट येईपर्यंत किती घरांत त्यांचं नाव ठाऊक होतं? गोव्याच्या धेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेता करणाऱ्या आर्मांदो कुलासो यांना आपल्या सिंधुदुर्गातली किती मुलं ओळखतात? खेळाडूचं पोस्टर भिंतीवर लागतं. ज्यानं त्याला घडवलं, त्याला गुरुपौर्णिमेलाही फूल मिळत नाही.

चेन्नईचे चाहते परदेशी माणसांना डोक्यावर घेतात, अशी टीका होऊ शकते. पण त्यांनी जपलं ते गोरेपण नव्हे. त्यांनी जपली ती एक साधी रीत, की ज्यानं आपल्यासाठी घाम गाळला, त्याला जाताना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही.

या रीतीची किंमत २०२५मध्ये अधिकच कळली. त्या जुलैत लीगचा पुढचा हंगामच लांबणीवर टाकण्यात आला आणि ऑगस्टमध्ये चेन्नईयिननं आपलं कामकाज थांबवल्याचं जाहीर केलं. प्रशिक्षक तर सोडाच, क्लब तरी राहील का, असा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी चाहत्यांच्या हाती काय होतं? दोन चषक आणि त्या चषकांमागच्या माणसांच्या आठवणी. करार संपतात, मालक बदलतात, स्पर्धांची नावं बदलतात. पुरात उभ्या असलेल्या शहराला बालेवाडीहून आलेली ती बातमी मात्र कुठल्या कराराच्या कलमात बसत नाही.

तुमच्या गावातही एखादे असे सर असतील. पहाटे साडेपाचला शिट्टी वाजवून मुलांना मैदानाला चकरा मारायला लावणारे, स्वतःच्या खिशातून चेंडू आणणारे. कदाचित आता निवृत्त होऊन ओसरीवर बसत असतील. पुढच्या वेळी त्यांच्या घरावरून जाताना क्षणभर थांबा. ‘सर, ओळखलंत का?’ एवढंच विचारा. चेन्नईच्या त्या ढोलांचा आवाज त्यांच्याही कानी पडेल!